उरलेला बटाटा आणि तापलेला तवा

प्रस्तावना

मराठी घरांना स्वयंपाक शिकवणाऱ्या पुस्तकांची परंपरा मोठी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आलं, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली. या पुस्तकांनी पिढ्यान् पिढ्या हाताला धरून शिकवल्या. अशा पुस्तकांत पदार्थाची सुरुवात कोऱ्या जिन्नसांपासून होते. बटाटे आणा, धुवा, उकडा, सोला. घरातला रोजचा स्वयंपाक मात्र पुष्कळदा कालच्या झाकलेल्या डब्यापासून सुरू होतो. पुऱ्यांबरोबर केलेली पिवळी भाजी उरलेली असते. वडे तळून झाल्यावर तेल संपलं म्हणून सारण राहिलेलं असतं. तापातून उठलेल्या मुलासाठी दूध-लोणी घालून मऊ केलेला बटाटा त्याने दोन घास खाऊन बाजूला सारलेला असतो. आता याचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी रोज पडतो आणि त्याचं उत्तर छापील पानांत फारसं मिळत नाही. ही पुस्तिका त्या डब्यापासून सुरू होते.

विषय तसा आटोपशीर आहे. उरलेला, कुस्करलेला बटाटा घ्यायचा, त्याला नव्याने बांधायचं, थापायचं, रव्यात नाहीतर तांदळाच्या पिठात घोळवायचं आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस परतायचं. कुणी याला टिक्की म्हणतं, कुणी पॅटिस, कुणी कटलेट, तर कुणी नुसत्या बटाट्याच्या वड्या. प्रदेशही आटोपशीर आहे : पालघर आणि बोईसर-तारापूर, आणि त्यांच्या आसपासचा किनारा. इथल्या स्वयंपाकघरांतल्या रीती एकत्र मांडाव्यात आणि त्यांच्यामागची कारणं सांगावीत, एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे.

त्यामागे एक ठाम म्हणणं आहे, ते आधीच सांगतो. उरलेल्या बटाट्याची टिक्की ही नाइलाजाची गोष्ट नव्हे. टिक्कीसाठी आदल्या दिवशीचा, गार झालेला बटाटा हाच उत्तम माल आहे. ताज्या उकडलेल्या, वाफाळत्या बटाट्यापेक्षा तो अधिक चांगला बांधला जातो, तव्यावर कमी फुटतो आणि अधिक कुरकुरीत होतो. ज्याला आपण ‘शिळं’ म्हणून बाजूला ठेवतो, त्याच्यात रात्रभरात एक गुण आलेला असतो. तो ओळखणाऱ्या बायका आणि आचारी या भागात पुष्कळ आहेत. त्यांनी हे शास्त्र म्हणून शिकलेलं नाही, हाताने ओळखलेलं आहे. त्या हाताच्या ज्ञानाला छापील जागा मिळावी, असं मनापासून वाटतं.

यात एक घरगुती न्यायाचाही मुद्दा आहे. आपल्याकडे ताजं वाढायचं ते घरातल्या पुरुषांना, मुलांना, पाहुण्यांना. उरलेलं संपवायचं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईने, सगळ्यांच्या शेवटी, बहुतेकदा एकटीने. अन्न वाया जाऊ नये ही शिकवण चांगलीच, पण तिचा भार एकाच ताटात पडत आला. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी या दोन पदार्थांनी तो भार थोडा वाटून घेतला, कारण ते सगळ्यांनाच हवेसे झाले. खरपूस टिक्की नेमकं हेच करते. कालची भाजी तिच्या रूपाने सगळ्यांच्या ताटात येते आणि शेवटच्या टिक्कीसाठी मुलं भांडतात. उरलेल्या अन्नाला मान मिळाला की ते खाणारीलाही मिळतो.

आता प्रदेशाविषयी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, उत्तरेला गुजरात. या सगळ्याच्या मधोमध बोईसर आहे. तारापूरचं अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झालं, देशातलं पहिलंच. त्याच्या वसाहतीत देशभरातली कुटुंबं राहायला आली. पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली आणि रासायनिक, औषधी, कापड आणि पोलादाच्या कारखान्यांत काम शोधत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा इथून माणसं आली. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली, तेव्हा पालघर-बोईसरला राहून मुंबईला नोकरी करणंही सोपं झालं. इथलं घड्याळ पाळ्यांचं आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. एका घरात तीन वेळांना तीन डबे भरले जातात, आणि जेवणाऱ्यांची वेळ जुळत नाही तिथे अन्न उरतं. रात्रपाळीहून सकाळी परतलेल्या माणसासाठी दहा मिनिटांत काहीतरी गरम, पोटभरीचं हवं असतं. अशा गावात तवा आणि उरलेला बटाटा यांची गाठ पडणं साहजिकच आहे.

गंमत अशी की बटाटा या किनाऱ्याचा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला हा कंद. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगीज व्यापारामुळे आला. वसई १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू ही ठाणीही त्यांच्याकडे होती. मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला तो १७३९ सालीच, चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत. सत्ता गेली, बटाटा राहिला. पण शेतात नाही, बाजारातच. बटाट्याला जमिनीखाली पोसायला थंड रात्री लागतात. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहिलं की कंद धरायला अडचण येते, आणि इथली दमट हवा तशी थंड होत नाही. महाराष्ट्राचा बटाटा मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगावचा. सातगाव पठारावर तो पावसाळी पीक म्हणूनही घेतात. बाकीचा गुजरात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातून गोणी भरभरून येतो.

म्हणून या भागाचे स्वतःचे कंद आधी आठवायला हवेत. कंद, कोनफळ, करांदे, सुरण, रताळी, अळकुड्या. वाडवळ घरांतली उकडहंडी याच कंदांवर उभी आहे. थंडीच्या दिवसांत मडक्यात कंद, रताळी आणि वालाच्या शेंगा वाटणाबरोबर रचून ती शिजवतात. डोंगरपट्टीतले वारली, कातकरी, कोकणा लोक रानातले कंद ओळखतात. कोणता तसाच उकडायचा आणि कोणता आधी पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढायचा, हे त्यांना ठाऊक असतं. बटाटा या जुन्या मंडळींत नवा आहे. उकडलेल्या कंदाला वागवण्याची सवय इथे आधीपासून होती आणि बटाट्याला तिचा फायदा झाला. म्हणून पुस्तिकेतल्या रीती केवळ बटाट्यापुरत्या नाहीत. उकडहंडीतला उरलेला कंद, उपासाचं उरलेलं रताळं, परतलेलं सुरण यांनाही त्या लागू पडतात.

आता तव्याभोवती कोण कोण आहे ते पाहू. सातपाटीपासून वर डहाणूपर्यंतच्या मांगेला आणि कोळी घरांत भाजलेला जवळा बटाट्यात कालवला जातो. त्याला वेगळ्या मसाल्याची फारशी गरज नसते. हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडी चिंच पुरते. शिवाय इथल्या प्रत्येक घराला मासा तव्यावर परतता येतो. रवा आणि तांदळाचं पीठ किती जाड लावायचं, तुकडा कधी उलटायचा, तेल किती सोडायचं, हे हाताला ठाऊक असतं. टिक्कीचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं. वसईच्या ख्रिस्ती घरांत पोटॅटो चॉप होतात : बटाट्याच्या वाटीत खिम्याचं सारण, वरून अंड्याचा हात आणि रव्याचं किंवा पावाच्या चुऱ्याचं आवरण. तारापूर-डहाणूकडच्या पारशी घरांत खिमा पॅटिस होतं. गुजराती घरांचं फराळी पॅटिस उपासाचं असतं. आत ओलं खोबरं, दाणे, बेदाणे, बाहेर आरारूट लावलेला बटाटा. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या खोलीत रात्रीचा चोखा उरतो. त्यात मोहरीचं तेल, कच्चा कांदा, लसूण आधीच असतो. तो रात्रभर फ्रिजमध्ये राहिला असेल, तर सकाळी त्यात थोडं सत्तू किंवा पीठ मिसळलं की टिक्की तयार होते. आणि स्टेशनाबाहेरच्या गाडीवर रगडा पॅटिस तर आहेच. गाडीवाल्याच्या मोठ्या तव्याच्या कडेला पॅटिस रांगेत लावलेली असतात, मंद आचेवर तासभर खरपूस होत राहतात आणि मागणी आली की मधे ओढून चुरली जातात. त्यांचा कुरकुरीतपणा त्या संयमाचा असतो.

या सगळ्या रीतींना जोडणारं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की कृती पाठ करावी लागत नाही. बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात मुख्य भाग पिठूळ पदार्थाचा, म्हणजे स्टार्चचा. उकडताना साधारण ६० अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ, चिकट होतात. म्हणून गरम बटाटा मळला की हाताला चिकटतो आणि तव्यावर पसरतो. तोच बटाटा गार झाला, विशेषतः फ्रिजमध्ये राहिला, की स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात. चिकटपणा कमी होतो, गोळा आकार धरतो, वरचं पाणीही थोडं सुकतं. तव्यावर आधी पृष्ठभागाचं पाणी वाफ होऊन जावं लागतं, मगच तिथलं तापमान वाढून तपकिरी, खमंग कवच तयार होतं. पाणी जितकं कमी, तितकं कवच लवकर आणि जाड. गार बटाट्याचा गुण तो हाच.

यातूनच नेहमीच्या चुकांची कारणं समजतात. बटाटा मिक्सरमध्ये फिरवू नये. पेशी फुटून स्टार्च मोकळा होतो आणि गोळ्याचा रबरासारखा लगदा होतो. हाताने, मॅशरने किंवा पुरणयंत्रातून काढावा. तवा नीट तापण्याआधी टिक्की टाकली तर ती तेल पिते आणि खाली धरते. टाकल्यावर लगेच उलथनं लावलं तर कवच तव्यालाच राहतं; कडा तपकिरी दिसू लागल्या आणि टिक्की स्वतःहून सुटली की मगच उलटावी. एका वेळी तव्यावर गर्दी केली तर वाफ कोंडते आणि टिक्क्या परतण्याऐवजी उकडतात. बिडाचा तवा असेल तर उत्तम, कारण तो उष्णता धरून ठेवतो.

प्रमाण विचाराल तर दोन वाट्या बटाट्याला दोन ते तीन मोठे चमचे तांदळाचं पीठ पुरतं. बोटाच्या पेराएवढी जाड टिक्की थापून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी, मग रव्यात घोळवून मध्यम आचेवर एका बाजूला चार-पाच मिनिटं द्यावीत. मात्र उरलेलं नेहमी एकसारखं नसतं, आणि या पुस्तिकेचा मोठा भाग त्या फरकांसाठीच आहे. दूध-लोणी घातलेला बटाटा सैल असतो, त्याला पावाचा चुरा किंवा मिक्सरमधून काढलेले पोहे लागतात. पिवळ्या भाजीत मीठ, मिरची, मोहरी आधीच असते, म्हणून मीठ पुन्हा घालू नये. कढीपत्त्याची पानं मात्र निवडून काढावीत, तव्यावर ती करपतात. रश्श्यातला बटाटा निथळून, कोरड्या कढईत थोडा परतून घ्यावा. उपासाच्या भाजीत दाण्याचं कूट असतं. तिला राजगिऱ्याचं किंवा वरीचं पीठ चालतं. ज्या घरांत उपासाला शिळं चालत नाही, तिथे सकाळच्या भाजीची टिक्की संध्याकाळच्या फराळाला करता येते.

बटाट्याचा वाणही फरक करतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या वाणांची नावं ‘कुफरी’पासून सुरू होतात, ‘कुफरी ज्योती’ बाजारात सर्रास दिसतो, आणि ‘कुफरी लवकर’ हा कमी दिवसांत येणारा वाण महाराष्ट्राच्या पठारासाठी काढलेला आहे. पण ग्राहकाला गोणीवरचं नाव क्वचितच कळतं. त्याऐवजी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन ते चार अंशांच्या शीतगृहात महिनोन् महिने राहिलेल्या बटाट्यातला काही स्टार्च साखरेत बदलतो. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि तव्यावर फार लवकर काळपट होतो. पावसाळ्याच्या शेवटी बाजारातला बटाटा पुष्कळदा असा असतो. तेव्हा आच कमी ठेवावी आणि लिंबू थोडं जास्त पिळावं. टिक्की सोनेरी-तपकिरी झाली की काढावी. काळपट होईपर्यंत परतणं चवीला वाईट आणि तब्येतीलाही.

एक सूचना कळकळीने करतो, कारण हा किनारा दमट आहे. शिजवलेला बटाटा उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि वैशाखात तर तासभरही पुरे. उथळ भांड्यात पसरून लवकर गार करावा, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. उकडण्यातून वाचलेले काही जिवाणू खोलीच्या उष्णतेत वाढतात, आणि त्यांच्यातल्या काहींचं विष तव्याच्या आचेनेही नष्ट होत नाही. आंबूस वास आला, तार सुटू लागली, तर तो बटाटा टाकून द्यावा. तळल्याने बिघडलेलं अन्न शुद्ध होत नाही. बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांत चौघं-पाचजण मिळून राहतात, सगळीकडे फ्रिज नसतो. तिथे एकच नियम : सकाळचं उरलेलं दोन तासांच्या आत संपवायचं आणि रात्री उरेल इतकं शिजवायचंच नाही.

कुस्करलेला बटाटा नव्याने परतून खाणं जगभरच्या स्वयंपाकघरांना सुचलेलं आहे. बटाट्याच्या मूळ घराजवळ, इक्वाडोरमध्ये, कुस्करलेल्या बटाट्यात चीज भरून तव्यावर परततात आणि त्याला यापिंगाचो म्हणतात. इंग्लंडमध्ये रविवारच्या जेवणातला उरलेला बटाटा आणि कोबी सोमवारी एकत्र परततात. जपानमध्ये फ्रेंच क्रोकेटवरून आलेली कोरोक्के आज खाटकाच्या दुकानातही गरमागरम विकली जाते. अन्न वाया जाण्याचा प्रश्नही असाच जगभरचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साधारण साठ टक्के घरांमधून गेलं. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे एक डबा भाजी किरकोळ वाटते. पण तो आकडा अशाच डब्यांचा झालेला आहे, आणि तो कमी व्हायचा असेल तर घराघरांतच कमी व्हावा लागेल.

पुस्तिकेची रचना साधी आहे. पहिल्या भागात उरलेल्या बटाट्याचे प्रकार आणि प्रत्येकाला काय कमी पडतं ते आहे. दुसऱ्या भागात बांधणी : तांदळाचं पीठ, पोहे, पाव, बेसन, सत्तू, आरारूट. तिसऱ्यात वर सांगितलेल्या घरांच्या रीती आहेत. चौथ्यात तवा, तेल आणि आच, आणि शेवटी टिक्कीबरोबरची तोंडीलावणी : लसणाची सुकी चटणी, कैरीची चटणी, दही, आणि पाव. ज्या बचत गटांना आणि पोळीभाजी केंद्रांना रोज किलोंनी भाजी करावी लागते, त्यांच्यासाठी मोठ्या मापांचं स्वतंत्र प्रकरण आहे. वेळेत गार करून नीट ठेवलेली भाजी संध्याकाळी टिक्की म्हणून विकली गेली, तर त्यांचं नुकसान वाचतं. मात्र ग्राहकाला ते सांगून विकावं. चव चांगली असेल तर सांगण्यात कमीपणा नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. यातली मापं प्रमाण मानू नका. आपल्या घरात काय उरतं ते आठवडाभर पाहा, आपल्या पिठाचा डबा उघडा आणि एक छोटी टिक्की आधी तव्यावर टाकून पाहा. ती फुटली तर पीठ वाढवा, कोरडी झाली तर पाण्याचा हात लावा. आणि टिक्क्या झाल्या की करणाऱ्या व्यक्तीनेही सगळ्यांबरोबर, गरम असतानाच खाव्यात.